अण्णांचं थकलेलं भाडं

गावभाग, सांगली

पोरी,

शिडीवरून पडलेल्या अण्णांसाठीचा तुझा बेत वाचला. भावे नाट्यमंदिरात मदतीचा प्रयोग, मध्यंतरात अण्णांना चाकाच्या खुर्चीवरून रंगमंचावर आणायचं, शाल-श्रीफळ, आणि जमलेल्या पैशांचं पाकीट सगळ्यांदेखत हातात. प्रयोग जरूर कर. मध्यंतरातलं मात्र सगळं काढून टाक.

रागावू नकोस. अण्णांना मी पंचवीसेक वर्षं बघतोय. दिवसा विजेच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान, रात्री आपल्या तालमी. त्यांचे पार लाईट, त्यांचा डिमर, गोणपाटात बांधलेली ती वायरींची वेटोळी नेली नाहीत अशी एक तरी हौशी संस्था गावात आहे का? भाडं विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्पर्धेतून या, मग बघू." स्पर्धेतून आपण दरवर्षी आलो, बहुतेकदा हात हलवत, आणि पुढं कुणी काही बघितलं नाही. 2019 च्या महापुरात दुकानात पाणी शिरायला लागलं तेव्हा ह्या माणसानं आधी माळ्यावर चढवलं ते आपलं नेपथ्य. गिऱ्हाइकांच्या मोटारी खालीच राहिल्या आणि त्या नंतर पदरचे पैसे घालून भरून दिल्या. हे मला वहिनींनी सांगितलं. अण्णांच्या तोंडून अजूनही ऐकलेलं नाही.

त्यांना सगळ्यांसमोर पाकीट दिलंस तर ते हसून घेतील आणि घरी जाऊन दोन दिवस नीट जेवणार नाहीत. म्हणून मी वेगळं सुचवतो. मदत म्हणायचंच नाही. भाडं म्हणायचं. प्रत्येक संस्थेनं आपापली जुनी वही काढावी, अण्णांचे लाईट किती प्रयोगांना नेले ते मोजावं आणि थकबाकी चुकती करावी. मी आमची वही काढली. एक्केचाळीस प्रयोग निघाले, आणि एकाही पानावर अण्णांच्या नावापुढं आकडा नाही, नुसतं 'चहा' असं लिहिलंय. मान खाली गेली माझी. दर त्या-त्या वर्षीचाच लावा, आजचा लावलात तर ते हिशेबावरून भांडतील. तसे थोडे भांडले तर चांगलंच आहे म्हणा, निदान दुकानदारासारखे भांडतील. पैसे वहिनींच्या हातात द्यायचे आणि पावती मागून घ्यायची. पावतीवर सही करायला अण्णांना अवघड जाणार नाही.

आता दुखण्याचं समजून घे, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. शिडीवरून माणूस उभ्यानं खाली आला की सगळा भार टाचेवर येतो आणि टाचेचं हाड दबून फुटतं. तोच हिसका वर पाठीपर्यंत जातो, म्हणून मिरजेत डॉक्टरांनी मणक्यांचेही फोटो काढले. मणके शाबूत आहेत. टाचेत प्लेट आणि स्क्रू बसवलेत, आणि साधारण तीन महिने त्या पायावर भार टाकायचा नाही. म्हणजे दवाखान्याचं बिल हे एक, आणि तीन महिने बंद राहणारं दुकान हे दुसरं. पहिल्यासाठी सगळे धावतात. दुसऱ्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण त्याचं बिल कुणी छापून देत नाही.

आत्ता त्यांच्या घरी जत्रा आहे. खोलीत बसायला जागा नाही, वहिनी दिवसभर चहा टाकतायत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात बघ, कुणी फिरकणार नाही. आपल्याच गावची गोष्ट आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' उभं केलं ते सांगलीचे संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयावर. 1851 साली अप्पासाहेब गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. दर 5 नोव्हेंबरला त्या पहिल्या प्रयोगाला आपण हार घालतो. पुढच्या वणवणीचं नाव कुणी काढत नाही.

म्हणून पाळ्या मी सहाव्या आठवड्यापासून पुढं लावल्या आहेत. सध्याचे आठवडे ज्याला जसं जायचं तसं जाऊ देत. फिजिओथेरपीला रिक्षानं ने-आण, आणि सकाळी दोन तास दुकान उघडं ठेवून आलेल्या मोटारी उतरवून घेणं, एवढी दोन कामं पक्की. त्यांच्या पोराला वायंडिंग येतं, पण तो एकटा आहे. भेटायला जाताना सहानुभूती नेऊ नका, प्रकाशयोजनेचा कागद न्या. कुठला पार कुठल्या बारवर, कुठलं रंगीत जिलेटिन, हे त्यांना पलंगावर बसून सांगता येतं. आपल्या पोरांना ते कुणी कधी शिकवलंच नाही, कारण अण्णा होते.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. रंगीत तालमीच्या रात्री घोडा, म्हणजे ती शिडी, धरायला तू होतीस, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तुला ते झोपू देत नाही, हेही मला दिसतंय. ही शाल, हा सत्कार त्यातूनच आला असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग. पण त्या वेळी घोडा सोडून विंगेत जा, तलवार आण, असं ओरडून तुला कुणी सांगितलं? मीच. रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि "अण्णा, स्पॉट अजून थोडा डावीकडे," हे तिसऱ्यांदा म्हणणाराही मीच. यापुढं आपल्या तालमीत घोड्याला दोन माणसं, आणि वर माणूस असताना त्या दोघांना कुणी हाक मारायची नाही. दिग्दर्शकानंसुद्धा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी गेलो, माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवत. बसल्या बसल्या त्यांनीच विचारलं, "तो स्पॉट घेतलात का शेवटी डावीकडं?"

नाही म्हणालो.

"घ्या. तुमचं बरोबर होतं. मीच आळस करत होतो."

मला पुढं बोलता आलं नाही. सहाव्या आठवड्यातला शनिवार संध्याकाळचा तुझ्या नावावर लिहिलाय. भडंग ने, तिखट चालतं त्यांना.

तुझा,
सर