काकांची लेन्स चालेल का?

प्रश्न : हर्णैला मासळीचा लिलाव आणि खाडीतले बगळे टिपायचेत. जुना निकॉन डी३५०० कॅमेरा मिळतोय. काकांची ५० एमएम एएफ-डी लेन्स चालेल? – एक वाचक, दापोली

उत्तर : बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, आणि एएफ-डी लेन्समध्येही ती नसते. आपोआप फोकससाठी स्वतःची मोटर असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स हवी. शिवाय लहान सेन्सरमुळे ५० एमएमची चौकट ७५ एमएमसारखी अरुंद दिसते, लिलावाच्या गर्दीत मागे सरकायला जागा कुठली? ३५ एमएम एफ १.८ लेन्स घ्या, तिची चौकट रुंद. बगळ्यांसाठी लांबचं जवळ आणणारी ७०-३०० एमएम झूम लेन्स, पण नंतर.

वाळूत उभं राहून लेन्स बदलू नका. आणि चामड्याची पिशवी नकोच! माझी पहिली लेन्स तिच्यातच, एका पावसाळ्यात बुरशीने गेली. आता घट्ट झाकणाचा डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल.