आईला फोन किती वाजता करायचा?

त्या दिवशीच्या भेटींच्या यादीत एका विद्यार्थिनीच्या नावापुढे स्वागतकक्षातल्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'इंडियन आहे, तुमच्याकडेच देतोय.' मँचेस्टरमधल्या एका विद्यापीठात मी बरीच वर्षं समुपदेशक आहे, आणि गव्हाळ रंगाची मुलं माझ्या दारात आणून सोडायची ही सवय मला नवी नाही. ती आत आली, कोट न काढताच बसली. तिला मोकळं वाटावं म्हणून मी विचारलं, "दिवाळी कशी झाली?"

"मॅडम, मी मलेशियाची आहे." मग जरा थांबून, मलाच वाईट वाटू नये अशा आवाजात, "पण दीपावली आमच्याकडेही असते. सुट्टी असते."

म्हणजे पहिल्याच मिनिटाला चूक माझी.

ही हकीकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव देणार नाही. ती मलेशियातल्या इपोह शहराची, तेव्हा आपल्या रिवाजाने तिला इपोहकर म्हणू. पणजोबा तमिळनाडूतून ब्रिटिश काळात तिकडच्या रबराच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. घरात तमिळ, शाळेत मलय, कॉलेजात इंग्रजी. भारतात ती एकदाही आलेली नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपली मुलं तिला विचारायची, "तू इंडियात कुठली?" आणि गोरी मुलं विचारायची, "पण मूळची कुठली?" दोन्ही प्रश्नांना खरं उत्तर दिलं तरी समोरच्याचं समाधान होत नाही, याचा तिला कंटाळा आला होता. त्यात आता मी.

तिची तक्रार मात्र वेगळीच होती. "इथे सगळे मला विचारतात, तू बरी आहेस ना? दारात, लिफ्टमध्ये, दुकानातला माणूससुद्धा. मी इतकी आजारी दिसते का?"

'यू ऑलराइट?' हा प्रश्न इंग्लंडच्या उत्तर भागात दिवसातून वीस वेळा कानावर पडतो. तो तब्येतीचा नसतोच. आपण रस्त्यात भेटल्यावर 'काय, जेवलास का?' म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो, तसा. मी हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. "आमच्याकडे म्हणतात, दाह माकान? जेवलीस का?" ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. दहा आठवड्यांत तिला जेवलीस का असं कुणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरचा शेवट होता. चार वाजायचे होते आणि खिडकीबाहेर दिवे लागले होते.

मग खरा प्रश्न आला. माझ्याकडे तो दर हिवाळ्यात येतो. मलेशियाच्या मुलांकडून येतो, नायजेरियाच्या येतो, आणि सांगली-नाशिकच्या आयांचे निरोपही हाच विचारतात: सगळी तयारी नीट केली होती, तरी जमत नाहीये. परत जावं का?

तिची तयारी खरोखर चोख होती. मलेशियात कायद्याचं पहिलं वर्ष तिथल्या कॉलेजात आणि उरलेली दोन वर्षं ब्रिटनमध्ये, अशी सोय आहे. पैसे वाचतात म्हणून मध्यमवर्गीय घरांत ती लोकप्रिय आहे. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी, आरोग्याचा अधिभार, सगळं वेळेत. विजेचा भातकुकर आणलेला, आणि त्याची पिन इथल्या भिंतीत थेट बसते, कारण मलेशियात ब्रिटिश पद्धतीचेच तीन चौकोनी पायांचे प्लग आहेत. मी २००७ साली आले तेव्हा गोल पिनांचा मिक्सर घेऊन अॅडॉप्टर शोधत गावभर हिंडले होते, त्यामुळे मला तिचा किंचित हेवाच वाटला. सुकी मासळीही तिने आणली होती, तिला इथे परवानगी आहे. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ मात्र युरोपाबाहेरून सामानात आणता येत नाहीत, हे तिने आधीच वाचलं होतं. चुकला होता तो फक्त कोट. क्वालालंपूरच्या मॉलमधून घेतलेला जाड, लोकरीचा, महाग. आणि मँचेस्टरमध्ये थंडीपेक्षा पाऊस जास्त छळतो. भिजलेली लोकर अंगावर गोणपाटासारखी जड होते. कोट इथे येऊन घ्यावा, पाणी न झिरपणारा, टोपीचा. धर्मादाय दुकानांत वापरलेला चांगला मिळतो.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारते. आडून विचारत नाही. तिने नाही म्हटलं, आणि ते खरं वाटलं. मग मी मनाचं काही न विचारता तिला म्हटलं, "कालचा दिवस सांग. उठल्यापासून."

"बाराला उठले."

"आणि झोपलीस कधी?"

"चारला. पहाटे."

आई कामावर निघण्याआधी, इपोहच्या सकाळी साडेसहाला, ही फोन करायची. मलेशिया ब्रिटनच्या आठ तास पुढे, म्हणजे इथे रात्रीचे साडेदहा. अर्धा तास आईशी बोलून झालं की तिकडे मैत्रिणी जाग्या व्हायच्या, गटात निरोपांची रांग लागायची, कुणी नाश्त्याचा फोटो टाकायचं. तिकडचा दिवस उजाडत जायचा आणि ही त्याच्याबरोबर जागी. तिच्या फोनच्या पडद्यावर दोन घड्याळं होती. मोठं होतं ते इपोहचं.

आता हिशेब करा. इपोह विषुववृत्ताजवळ आहे, तिथे बाराही महिने साधारण सातला उजाडतं आणि सातला मावळतं. मँचेस्टरला नोव्हेंबरअखेर सूर्य आठला उगवतो आणि चारच्या आतच जातो. बाराला उठणाऱ्या मुलीच्या वाट्याला चार तासांचा उजेड, तोही बहुतेक वेळा ढगाआडचा. सकाळचे तास बुडत होते. दुपारच्या तासाला ती अर्धवट झोपेत. तिला वाटत होतं की ती उदास आहे म्हणून झोपत नाही. मला उलटं दिसत होतं, निदान अर्धं तरी उलटं.

मी तिला फोन बंद कर म्हटलं नाही. बरेच सल्लागार ते म्हणतात, घरच्यांशी बोलणं कमी करा, इथे मन रमवा वगैरे. मला तो सल्ला कोरडा आणि चुकीचाही वाटतो. आईचा आवाज हे त्या मुलीचं औषध होतं. ते चुकीच्या वेळी घेतलं जात होतं, एवढंच. मी विचारलं, "तुझ्या दुपारी एकला आई काय करते?" तिने बोटं मोजली. रात्रीचे नऊ. जेवणं झालेली, भांडी आवरलेली.

"मग एकला कर. बाहेर चालत चालत. पाऊस असला तरी."

तिला हे फारच साधं वाटलं असणार. समुपदेशकाकडून लोकांना काहीतरी खोल हवं असतं. मी दुसरं सांगितलं ते जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवण्याचं. तिने नोंदवलंच नव्हतं. मलेशियात खासगी क्लिनिकमध्ये सरळ शिरायचं, डॉक्टर तपासतो, तिथल्याच काउंटरवर औषध मिळतं, वीस मिनिटांत बाहेर. इथे आधी नाव नोंदवा, मग वेळ घ्या, मग थांबा. तिला वाटलं होतं पैसे पडतील. अगं, व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड अधिभार भरलाय तो कशाचा? डॉक्टरची भेट त्यातच आली, रक्ततपासणीही. औषधाच्या चिठ्ठीला इंग्लंडमध्ये दर औषधामागे दहा पौंडांच्या आत पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. दातांचं वेगळं, ते महाग. ड जीवनसत्त्व तर इथलं आरोग्य खातं हिवाळाभर सगळ्यांनाच घ्यायला सांगतं, रोज १० मायक्रोग्रॅम, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा असंही सांगते मी आवर्जून.

दुसऱ्या भेटीत ती वेळेवर आली. दहाला उठायला लागली होती. पण गुणाकाराची गोष्ट तेव्हा बाहेर आली.

"साडेतीन पौंडांची कॉफी, म्हणजे वीस रिंगिट, आंटी. इपोहला तेवढ्यात आमच्या सगळ्या घराची कॉफी होते." इपोह व्हाइट कॉफीसाठी प्रसिद्ध गाव, तेव्हा तो अपमान दुहेरी. मॅडमची आंटी कधी झाली ते माझ्या लक्षात आलं नाही. इथे सगळे मला नावाने हाक मारतात, प्राध्यापकांनाही नावानेच हाक मारायची असते, आणि ते तिच्या जिभेवर काही केल्या येत नव्हतं. मीही दुरुस्त केलं नाही.

पौंडाला तेव्हा साडेपाच-सहा रिंगिट पडायचे. प्रत्येक वस्तूला ती सहाने गुणत होती. आमची मुलं शंभराहून जास्तने गुणतात, त्यामुळे हा आजार मला तोंडपाठ आहे. मी आले तेव्हा पौंड ऐंशी रुपयांच्या आसपास होता आणि मी पहिले दोन महिने बसच्या तिकिटाची भाजी मोजत पायी चालले. तिच्या बाबतीत गुणाकाराच्या मागे वडील उभे होते. तिकडे नोकरदारांचा ईपीएफ असतो, आपल्या पीएफसारखा. मुलांच्या शिक्षणासाठी त्यातून काही भाग काढता येतो. वडिलांनी तो काढला होता. म्हणजे ती वीस रिंगिटची कॉफी पीत नव्हती, वडिलांचं म्हातारपण पीत होती. एकदा असं दिसायला लागलं की कुणाच्या घशाखाली उतरेल?

तिने कॉफीला नाही म्हटलं. तास संपल्यावर वर्गातल्या मुली जायच्या, तिलाही बोलवायच्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती "काम आहे" म्हणाली. इंग्रज माणूस चौथ्यांदा आग्रह करत नाही. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचं हा शिष्टाचार; मलेशियातही फार वेगळं नाही. इथे नकार शब्दशः घेतात. त्यात ती थेट दुसऱ्या वर्षात आलेली. बाकीच्यांच्या मैत्र्या पहिल्या वर्षी जुळलेल्या, एकत्र घरं भाड्याने घेण्याचे करार आदल्याच हिवाळ्यात झालेले, आणि हिला जागा मिळाली ती अठरा वर्षांच्या नवख्यांच्या वसतिगृहात, जिथे पहाटे तीनला कुणीतरी चीज टोस्ट जाळून आगीची घंटा वाजवतं. त्या कॉफीच्या अर्ध्या तासाखेरीज वर्गात शिरायला तिला दुसरी फट नव्हती.

आम्ही कागद घेतला आणि फक्त पौंडांत लिहायला बसलो. भाडं भरलेलं होतं. जेवणखाण आठवड्याला चाळीस. तांदळाचं मोठं पोतं, ओल्डहॅम रोडच्या चिनी सुपरमार्केटातून सांबाल म्हणजे मिरचीची चटणी आणि नारळाचं दूध, रात्री दुकानं किमती उतरवून पिवळी चिठ्ठी लावतात तेव्हाची भाजी. आणि आठवड्याला दहा पौंड वेगळे, ज्यांचा हिशेब घरी द्यायचा नाही. त्या रकान्याला तिनेच नाव दिलं, 'ला मनी'. मलेशियन इंग्रजीत वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात, 'चल ला', 'असू दे ला', तो हा 'ला'.

नोकरीचं तिने विचारलं. सत्रात आठवड्याला २० तास, सोमवार ते रविवार मोजून, त्यावर एक तासही नाही. कुणीतरी तिला रोखीने तीस तास देऊ करत होतं. त्या मालकाची दंड भरून सुटका होईल, तुझा व्हिसा जाईल, एवढंच मी म्हटलं.

आणि परत जाण्याचं? ते मी टाळलं नाही. शिक्षण मध्येच थांबवलं तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावंच लागतं, व्हिसाची मुदत कापली जाते, आणि पुन्हा यायचं तर नवा अर्ज, नवे पैसे. म्हणून कुठल्याही अर्जावर सही करण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत बसून बोलायचं. परत जाणं ही नामुष्की नाही; मी गेल्या काही वर्षांत दोघा-तिघांना विमानात बसायला मदत केली आहे आणि ते योग्यच होतं. पण झोप उडालेली असताना, डिसेंबरच्या अंधारात हा निर्णय घ्यायचा नाही. जानेवारीच्या शेवटी पुन्हा विचारू म्हटलं. तारीख लिहून दिली.

मलेशियन विद्यार्थ्यांच्या मंडळात ती जात नव्हती, "तिथे सगळे चिनी असतील" म्हणून. भारतीयांच्या मंडळात जाऊन आली होती, तिथे सगळे हिंदी गाण्यांवर नाचत होते आणि तिला एक शब्द कळत नव्हता. मी तिला विचारलं, दीपावलीला तुझ्या घरी कोण येतं? ती सांगत सुटली. त्या दिवशी दार उघडं ठेवतात, ओपन हाउस म्हणतात, शेजारची मलय मावशी येते, वडिलांचे चिनी सहकारी संत्री घेऊन येतात, आई चकलीसारखे मुरुक्कू करते. हरी रायाला, म्हणजे ईदला, हे लोक मावशीकडे जातात, चिनी नववर्षाला तिसऱ्यांकडे. बोलता बोलता तीच गप्प झाली. तिला आठवत होती ती ही सगळी सरमिसळ, आणि त्या सरमिसळीची आठवण येणारे दुसरे लोक मँचेस्टरमध्ये कुठे भेटतील हे मी सांगायची गरज उरली नव्हती.

बॅडमिंटनला गेली. चिनीच जास्त होते. एकाने हिचं गाव विचारलं, इपोह म्हटल्यावर दोघे ओरडलेच, कारण तेही इपोहचे, आणि लगेच कुठल्या दुकानाचं बीनस्प्राउट चिकन खरं यावरून भांडण. 'मूळची कुठली' असं कुणी विचारलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत एका निबंधाला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले आणि ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत फक्त ढ मुलं जातात असा तिचा समज होता. तो काढायला मला दोन भेटी लागल्या. जानेवारीअखेरची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "अजून ठरवलं नाही, आंटी. परीक्षा देऊन ठरवते."

मार्चच्या शेवटी आमची सहावी, म्हणजे ठरलेल्यांपैकी शेवटची भेट. जाता जाता दारात थांबली.

"रविवारी घड्याळं एक तास पुढे जाणार ना? मग माझ्या एकला आईचे आठच वाजतील."

"मग?"

"आठला तिची मालिका असते. तीच म्हणाली, तू दोनला कर."

"दोनला जमेल तुला?"

तिने फोन काढून पाहिलं. दोनला तिचं कॉफीचं ठरलेलं होतं.

"अडीचला करते," ती म्हणाली.