कॅसिनोतील डीलरचे काम : परवाना कोणाला, प्रशिक्षण कोणाकडून?

प्रश्न : माझी मुलगी बारावी वाणिज्य उत्तीर्ण असून तिला पणजीतील कॅसिनोत डीलरची, म्हणजे जुगाराच्या टेबलावर खेळ चालवण्याची, नोकरी करायची आहे. एका खासगी क्लासने ‘शासनमान्य डीलर परवाना’ मिळवून देतो असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. असा परवाना लागतो का? नेमके शिकावे काय लागते? परदेशात त्याचा उपयोग होईल का?
— एक पालक, कुडाळ

उत्तर : ती रक्कम कृपया भरू नका. गोव्यात कॅसिनोला मुभा मिळते ती १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात नंतर घातलेल्या तरतुदीनुसार, आणि त्याखालचा परवाना पंचतारांकित हॉटेल किंवा जहाज चालवणाऱ्याला दिला जातो, डीलरला नव्हे. तो विकण्याचा किंवा मिळवून देण्याचा अधिकार कोणत्याही क्लासला नाही. महाराष्ट्रात तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण येथील १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला.

पत्ते आणि रूलेट (आकड्यांच्या फिरत्या चक्रावर गोळी टाकून खेळायचा खेळ) यांची खरी टेबले मांडवी नदीतील जहाजांवर आहेत. नव्या मुलांना कॅसिनो स्वतः शिकवून, टेबलावर परीक्षा घेऊन उभे करू शकतात, म्हणून अर्ज थेट त्यांच्याकडेच करावा आणि प्रशिक्षणाच्या काळात वेतन मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे.

शिकण्यातला कस लागतो तो हिशेबात. रूलेटमध्ये एकाच आकड्यावर लावलेल्या चिपला (पैशांऐवजी लावायच्या चकतीला) ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेषेवरच्या चिपला १७ पट आणि चार आकड्यांच्या कोपऱ्यावरच्या चिपला ८ पट मिळतात. समजा १७ हा आकडा आला आणि त्यावर थेट ३, दोन रेषांवर दोन-दोन व एका कोपऱ्यावर ४ चिप्स असल्या, तर १०५, ६८ आणि ३२ मिळून २०५ चिप्स द्यायच्या, म्हणजे वीस-वीसच्या दहा थप्प्या आणि वर पाच. आणि हे सारे खेळणारे समोर डोळे लावून बसलेले असताना, कागद-पेन्सिलीशिवाय. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातले दोन चिप्सला तीन हे देणे म्हणजे आपली दिडकीच, दीडचा पाढा. आजी-आजोबांनी पाढे पाठ करून घेतले असतील, तर मुलीची अर्धी तयारी झालेली आहे, असे मी मनापासून सांगतो. उरलेली अर्धी हातांची : चिप्सच्या बोटांनी समान थप्प्या पाडणे, पत्ते टेबलाला लागूनच पिसणे, टेबल सोडताना दोन्ही तळवे वरच्या कॅमेऱ्याला उघडे करून दाखवणे. हा सराव घरीही होतो.

परदेशात मात्र काही ठिकाणी परवाना किंवा नोंदणी खरोखरच व्यक्तीला करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये जुगार आयोग डीलरला व्यक्तिगत परवाना देतो आणि त्यासाठी वय किमान १८ हवे. अमेरिकेतील नेवाडात राज्याच्या नियंत्रण मंडळाकडे नोंदणी होते. दोन्हीकडे उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासला जातो, त्यामुळे अशा क्लासचे प्रमाणपत्र तेथे परवान्याची जागा घेऊ शकत नाही. तेथे काम करण्याचा व्हिसाही वेगळाच मिळवावा लागतो.

आणखी एक गोष्ट तिच्याशी आजच बोलून घ्यावी : हे काम रात्रपाळीचे आणि उभ्याने करायचे आहे. पहाटे पाळी सुटल्यावर जाण्या-येण्याची आणि राहण्याची सोय कोण करते, हे नेमणूकपत्र हाती घेण्यापूर्वीच विचारावे.