‘मला भूकच नाही गं’

कॅनडातल्या मिसिसागाहून एका ताईंनी लिहिलंय: “सासरे गेल्यावर सासूबाईंना सांगलीहून इकडे आणलं. सुपर व्हिसावर (आई-वडिलांना कॅनडात दीर्घकाळ राहू देणारा व्हिसा) आहेत, वय 74. सकाळी चहा आणि दोन खारी. दुपारचा डबा संध्याकाळी निम्मा तसाच. ‘मला भूकच नाही गं’ म्हणतात आणि खिडकीशी बसून राहतात. शाकाहारी आहेत, मधुमेहाला मेटफॉर्मिन चालू आहे. थंडीमुळे होत असेल का?”

ताई, थंडीवर सोडून देऊ नका. म्हातारपणी नैराश्यात माणूस रडतोच असं नाही. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, एवढंच बोलून दाखवतो. खाणं तुटलं की मन आणखी खचतं आणि मन खचलं की घास उतरत नाही. नवरा गेल्याचं दुःख तर आहेच.

पण तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांपाशी मी अडले: शाकाहारी आणि मेटफॉर्मिन. बी-12 हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसतं. त्यांना ते मिळणार दूध-दह्यातून. वय वाढतं तसं पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-12 अंगी लागेनासं होतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर त्यात भर. रोजची गरज 2.4 मायक्रोग्रॅम, कपभर दुधात त्याच्या निम्म्याच्या आसपास. चहातल्या चार चमचे दुधाने काय भागणार? बी-12 कमी पडलं की उदासी येते, विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात. माझ्या आईचं हेच झालं होतं आणि आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणत राहिलो. एकदा तिची चप्पल पायातून निसटली, ती तशीच चार पावलं पुढे गेली, तिला कळलंच नाही. तेव्हा कुठे रक्त तपासलं. ते आधीच करायला हवं होतं, याची खंत अजून आहे.

म्हणून बी-12 आणि थायरॉईड तपासून घ्याच, आणि तेही बी-12ची गोळी सुरू करण्याआधी. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅनडात मैद्यात फॉलिक ॲसिड घालतात, त्याने रक्त ठीक दिसू शकतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. सुपर व्हिसाचा विमा मुख्यतः तातडीच्या आजारांसाठी असतो, तेव्हा हे पैसे बहुधा खिशातून जातील. ‘सांगलीला गेल्यावर करू’ म्हणून टाळू नका. मेटफॉर्मिनही मनाने बंद करू नका. व्हिटॅमिन डीच्या 400 युनिटची रोजची गोळी तिथे पन्नाशीपुढच्या सगळ्यांनाच सांगतात, तीही डॉक्टरांना विचारून घ्या.

आता जेवणाचं. या वयात किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन 55 किलो असेल तर 55 ते 66 ग्रॅम. खारीतून ती मिळत नाहीत. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, पनीर, वाटीभर दही, भाजीत दाण्याचं कूट असं थोडं थोडं चार वेळा द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आणि तो डबा बंद करा, ताई. जिने जन्मभर सगळ्यांना गरम वाढलं, तिच्यापुढे झाकलेला डबा ठेवून तुम्ही सगळे बाहेर पडता. त्या स्वयंपाकघरात जातात का? तिथली शेगडी वेगळी, फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजेल ही धास्ती, म्हणून बऱ्याच जणी चहापलीकडे हातच लावत नाहीत. एका रविवारी शेजारी उभ्या राहा, खिडकी उघडा, पंखा लावा आणि त्यांच्याच हातून वरणाला फोडणी घालून घ्या. विरजण लावणं त्यांच्याकडे सोपवा. रात्री एकत्र बसा आणि त्यांना वाढू द्या.

एक मात्र कान देऊन ऐका. ‘आता मलाही बोलावणं यावं’ असं त्या म्हणाल्या, तर ‘काहीतरीच काय’ म्हणून गप्प करू नका. जवळ बसून सरळ विचारा, ‘आई, जीव नकोसा झालाय का?’ उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका. कॅनडात 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतक्रमांकावर चोवीस तास फोन लागतो.

आजच त्यांचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. सहा महिन्यांत 55चे 52 झाले, तर ते डॉक्टरांना दाखवण्याइतकं घटलेलं आहे. रक्ताचा रिपोर्ट आला की मला कळवा.