पान 25 चा धसका सोड
अरे, पहिल्याच पटकथेत पान 25 च्या आसपास वळण आलं नाही म्हणून डोकं धरून बसू नकोस. पटकथालेखन शिकवणाऱ्या अमेरिकी सिड फील्डने 1979 मध्ये तीन अंकांचा आराखडा मांडला तो साधारण 120 पानांच्या हॉलिवूड पटकथेसाठी, एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट या हिशेबाने. तुझी शॉर्टफिल्म 12 मिनिटांची. तिसऱ्या पानापर्यंत पात्र अडचणीत सापडलंच पाहिजे.

जर्मन लेखक फ्रायटागचा 1863 चा पिरॅमिड, म्हणजे नाटकाच्या चढ-उताराचा आराखडा, एकदा वाच आणि पुढे सरक.

मला स्वतःला नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था जास्त कामाच्या वाटतात: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ती (मिळणार हे नक्की होणं), फलागम (हाती येणं). (नावं घाबरवतात, मान्य!) त्या पानं मोजत नाहीत, नायकाला जे हवंय ते किती हाताशी आलं, एवढंच विचारतात. तुझ्या म्हातारीला विकलेली म्हैस परत हवीय, हा प्रारंभ. ती बाजार गाठते, तो प्रयत्न. म्हैस घेणारा 'बघू' म्हणतो, ती प्राप्त्याशा. आणि मग तुझी म्हातारी घरी येऊन चार पानं नुसती रडते! कथा तिथेच बसलीय. म्हातारीला उठव, गळ्यातली पोत काढून म्हैस घेणाऱ्यापुढे ठेवायला लाव, आणि मग मसुदा पाठव.