वाचक विचारतात : भिंतीतल्या तुळईचे टोक कुजले

प्रश्न : ठाण्यात खारकर आळीत आमचे जुने कौलारू घर आहे. माजघरातल्या सागवानी तुळईचे भिंतीत गेलेले टोक मऊ पडले आहे, नखाने तपकिरी चौकोनी ढलप्या निघतात. सुतार वाळवी म्हणतो, अख्खी तुळई बदला म्हणतो. मागे भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. काय करावे?

उत्तर : वाळवी असती तर भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या आणि लाकूड आतून मातीने भरलेले निघाले असते. चौकोनी ढलप्या ही बुरशीची खूण, आणि बुरशीला लागते ओल. लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली राहिली तर ती वाढत नाही. जुना चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडायचा. सिमेंटने ती कोंडली. शिवाय वरचे कौल आणि पन्हळ तपासा. आपल्याकडच्या पावसात एक फुटके कौल चार महिने टोक भिजत ठेवते. गळती थांबली नाही तर औषधाचे पैसे वायाच.

मग टोकाभोवतीचे सिमेंट फूटभर खरवडा आणि दाभण टोचत मागे या. जिथे ते अडते तिथे खडूने खूण करा. वरचे पांढरट लाकूडच गेले असेल तर तासून टाका, सागाचा गाभा सहसा टिकतो. गाभाही गेला असेल तर टेकू देऊन तेवढाच भाग कापायचा आणि सुक्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने, स्टेनलेस बोल्टने जोडायचा. मात्र सांध्याचे माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. टोक शहाबादीच्या तुकड्यावर टेकवा, बाजूंनी आणि वर 25 मिमी हवा खेळती ठेवा. ती फट सिमेंटने बुजवायची हौस गवंड्याला फार. उभे राहून अडवा. गिलावा परत चुन्याचाच.

औषध : 10 लिटर कोमट पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार, 400 ग्रॅम बोरिक पावडर. हातमोजे घालून ब्रशने तीन हात द्या, टोकाच्या कापलेल्या तोंडावर भरपूर. दोन-तीन दिवस प्लास्टिकने झाका, मग वाळू द्या. गाभ्यात ते फार खोल जात नाही आणि पावसात धुऊन जाते, म्हणून बाहेरच्या वाशांना उपयोग नाही.

प्रश्न : त्यावर जळके ऑइल लावले तर?

उत्तर : नको. ते वरच राहते, ओल्या लाकडातली ओल कोंडते, धूळ धरते आणि आगीला आमंत्रण. ऑइलपेंटही लाकूड पूर्ण सुकेपर्यंत नको.