रेकॉर्डिंग पसरवण्याची धमकी आली तर

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, वय १५. इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या एका ‘मुली’ने व्हिडिओ कॉलवर त्याला कपडे काढायला लावले. आता ते रेकॉर्डिंग नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागताहेत. त्याने यूपीआयने दोन हजार भरलेही. मुलाचे बाबा म्हणतात, अकाउंटच उडवून टाकू. काय करावं? — एक आई, सांगली

उत्तर : अकाउंट उडवू नका, पुरावा त्यातच आहे. पण त्याआधी मुलाला स्पष्ट सांगा, की गुन्हा समोरच्याने केला आहे, तुझ्यावर कुणी कारवाई करणार नाही. पोक्सो या, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात १८ वर्षांखालचा मुलगाही मुलीइतकाच संरक्षित आहे. आज रात्री त्याला एकटं ठेवू नका. अशा धमक्यांच्या पहिल्या काही तासांत मुलं जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतात. तो फार खचला असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर बोलता येतं.

यापुढे एक रुपयाही देऊ नका. एकदा पैसे मिळाले की ‘हे घर देतं’ एवढंच त्यांना कळतं आणि मागणी वाढते. दिलेल्या दोन हजारांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहार क्रमांक आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो हाताशी ठेवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जातात आणि गोठवायला काही उरत नाही.

मग पुरावा. युजरनेम बदलता येतं, म्हणून नुसतं नाव टिपून भागत नाही; प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या, कारण समोरचा आपले संदेश मागे घेऊ शकतो. स्नॅपचॅट असेल तर स्क्रीनशॉट घेतल्याचं त्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा. हे सगळं झाल्यावरच त्या अकाउंटची अ‍ॅपवर तक्रार नोंदवा आणि ते ब्लॉक करा.

त्यांनी धमकीसोबत क्लिप पाठवली असेल तर ती पुसू नका, पण मामा-काकांना ‘बघा काय झालंय’ म्हणून पुढेही पाठवू नका. मुलांची अशी दृश्यं पाठवणं हा गुन्हाच आहे, घरच्यांनी केलं तरी. ती फक्त पोलिसांना द्या. हीच क्लिप ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेसाठीही लागते. तिथे क्लिप फोनबाहेर जात नाही. तिच्यापासून बनलेला सांकेतिक ठसा तेवढा इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तिकडे ती ओळखून काढता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खासगी गप्पांत मात्र याचा उपयोग नाही.

सायबर क्राइम पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात निनावी तक्रार करता येते, पण मग तिचा मागोवा घेता येत नाही. तुम्ही नाव देऊनच करा. पोलीस ठाणं कुठलंही चालतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’, म्हणजे हद्द न पाहता घेतला जाणारा गुन्हा, नोंदवा असं ठामपणे म्हणा. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

प्रश्न : सातवीतल्या मुलीने शाळेच्या व्हॅनचालकाच्या गैरवर्तनाबद्दल मला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शाळेची समिती चौकशी करेल. — एक शिक्षिका

उत्तर : समितीची वाट पाहू नका. पोक्सोच्या कलम १९ नुसार माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे, मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

तुमचं काम एवढंच : मुलीचे शब्द जसेच्या तसे, तिच्याच भाषेत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ‘त्याने इथे हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. चार जणांनी चारदा विचारलं की शब्द थोडेथोडे बदलतात आणि न्यायालयात तेवढ्यावरच बोट ठेवलं जातं. चालकालाही जाब विचारू नका. तो सावध होईल, फोनमधलं सगळं पुसेल. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला तर सरकारी बालकल्याण समितीपर्यंत पोचायला मदत मिळते. आणि उद्यापासून ती त्या व्हॅनमध्ये बसणार नाही, याची सोय आजच तिच्या पालकांशी बोलून करा.